पद्मिनीच्या पट्ट्या काढण्याआधी

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घेतलीस, अभिनंदन. पण त्या चकचकीत पट्ट्या आजच ओरबाडू नकोस. पद्मिनीचे जुने क्लिप तुटले की शोधत फिरावं लागतं, त्यामुळे आधी सगळ्याचे फोटो काढ. मग प्रत्येक तुकड्याला लोहचुंबक लाव. घट्ट चिकटला तर बहुधा क्रोम चढवलेलं लोखंड. नाहीच चिकटला तर स्टेनलेस, ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतकाम. स्टेनलेस नुसतं बफिंग करून, म्हणजे फिरत्या मऊ चाकावर घासून, उजळतं, त्यावर पैसे घालवू नकोस. जस्ताचं हँडल मात्र प्लेटिंगवाल्याकडे देताना स्पष्ट सांग, नाहीतर लोखंडासारखं ॲसिडात टाकेल आणि हातात चाळण येईल. माझं एक गेलंय तसं. क्रोमखाली तांबं आणि निकेल व्यवस्थित चढवायला सांग. नुसत्या वरवरच्या चमकेला आपली खारी हवा फार दिवस टिकू देत नाही, आणि तू तर पणजीत समुद्राकाठी, मिरामारला राहतोस! बंपरवर हलका गंज असेल तर ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून हळुवार घास.

काचेचं रबर कडक झालं असेल तर नवंच घे. साबणाचं पाणी लावून, रबराच्या खाचेत सुतळी घालून बसव. हे काम पावसाआधी उरक, गणेश चवथीची वाट बघू नकोस, तोवर काचेखालचा पत्रा गंजायला लागेल.