जिप्सम टाकूनही चोपण रान का सुधरत नाही?

मानवत तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आहे: "तीन एकर काळं रान. दहा वर्षं बोअरच्या पाण्यावर भिजवतोय. पाणी दिलं की चार दिवस साचून राहतं, वाळलं की ढेकळं फुटत नाहीत. हरभरा पिवळा पडून बसतो. दोन वर्षं एकरी चार गोण्या जिप्सम टाकलं, फरक नाही. अजून किती टाकू?"

दादा, किती टाकायचं ते नंतर बघू. आधी एक करा. त्या रानातलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. तासा-दोन तासांत ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर मातीत सोडियम जास्त आहे, म्हणजे रान चोपण आहे. ढेकूळ नुसतं विस्कटलं आणि पाणी नितळ राहिलं, तर दुखणं बहुधा वेगळं. बोअरचं पाणी या तपासणीला चालत नाही, त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसतो.

पक्कं निदान माती परीक्षणातच होतं. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण, असं पुस्तक सांगतं. आपल्या भारी काळ्या मातीत मात्र त्याच्या बरंच आधीपासून पाणी मुरायचं थांबतं. तेव्हा अहवालात १० टक्के दिसले म्हणून निर्धास्त राहू नका.

आता जिप्सम वाया का गेलं ते. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम हुसकावतो. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर जायला हवा. निचरा नसेल तर तो तिथेच बसतो. म्हणून पहिला खर्च चराचा: उताराच्या अंगाला तीन फूट खोल चर काढा आणि तो ओढ्यापर्यंत न्या. बांधापाशीच संपणारे चर मी पुष्कळ पाहिलेत, त्यांचा उपयोग शून्य.

दुसरं कारण तुमचा बोअर. एकीकडून तुम्ही सोडियम काढताय, दुसरीकडून प्रत्येक पाण्याबरोबर तो परत घालताय. पाण्याच्या अहवालात सामूपेक्षा 'आरएससी' हा आकडा बघा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट व बायकार्बोनेट. लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत पाणी चांगलं, २.५ पर्यंत जपून, त्यापुढे इलाज केल्याशिवाय देऊ नये. समजा आकडा ५ आला. तो २.५ वर आणायला दर लाख लिटरला साधारण साडेएकवीस किलो शुद्ध जिप्सम लागतं. एकराला दोन इंचाची पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी. ८० टक्के शुद्धतेचं जिप्सम धरलं तर एका पाळीला एकरी पन्नास किलोची एक गोणी, वर थोडं. पाच पाळ्या द्यायच्या असतील तर तेवढ्या गोण्या आधीच मातीत मिसळा, किंवा पाटाच्या तोंडाशी हौद बांधून जिप्समच्या थरातून पाणी सोडा. ठिबकमधून जिप्समची भुकटी सोडू नका, ड्रिपर बसतील.

मातीसाठीचं जिप्सम वेगळं. अहवालात 'जिप्समची गरज' लिहिलेली असते, तिच्या निम्मी मात्रा शेणखताबरोबर मृगाच्या आधी वरच्या चार-सहा इंचांत वखराने मिसळा. खोल नांगरून गाडू नका. पाऊस हे क्षार नसलेलं फुकटचं पाणी आहे, ते बांधात मुरू द्या. पहिल्या पावसावर धैंचा हे हिरवळीचं पीक पेरून पंचेचाळीस दिवसांनी, फुलात येण्याआधी गाडा. खरीप बुडतो, हे मान्य. म्हणून तिन्ही एकर एकदम धरू नका, वर्षाला एक एकर घ्या. सुधारणा चालू असताना त्या रानात हरभरा, मूग, उडीद नको. गहू किंवा कापूस तग धरतो.

दुकानदार गंधक सुचवतात. मातीत चुनखडी असेल तर ते चालतं, आणि एक क्विंटल जिप्समचं काम साधारण १९ किलो गंधक करतं. पण जिवाणूंनी त्याचं आम्ल करेपर्यंत ओल आणि काही आठवडे लागतात. पेरणीच्या दिवशी टाकून लगेच गुण येत नाही.

पिवळ्या हरभऱ्यावर चिलेटेड लोह फवारलंत की पानं हिरवी होतील. तेवढ्यावर रान बरं झालं असं समजू नका. खतांत डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात थोडं जिप्सम आपोआप येतं.

माजलगाव कालव्याखालच्या एका ताईंनी विचारलंय: "रानावर पांढरा थर येतो, जिप्सम टाकू का?" ताई, सामू ८.५ च्या आत, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या आत आणि क्षारता (ईसी) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ते खारवट रान. तिथे जिप्समचे पैसे वाचवा. निचरा करा आणि कालव्याच्या गोड पाण्याने क्षार धुऊन काढा.

दोघांनीही पाणी तपासून घ्या; बोअरचा नमुना असेल तर बोअर अर्धा तास चालवून मग घ्या. प्लास्टिकची लिटरभर बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरून बूच घट्ट लावा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचती करा. बाटलीत हवा राहिली किंवा ती चार दिवस घरी पडली, की बायकार्बोनेटचा आकडा बदलतो.