आरपीएमचा काटा नाचतोय? आधी सिग्नल बघ

भावा, घोडबंदरच्या जाममध्ये गाडी नुसती उभी असताना आरपीएम मीटरचा (इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं ते दाखवणाऱ्या) काटा ८०० वरून ३००० वर उडतो म्हणतोस, म्हणजे मीटर खराब नाहीये बहुतेक, वायरवर कचरा, म्हणजे फालतू सिग्नल, येतोय. नवीन मीटर घ्यायला धावू नकोस. आधी वायरिंग डायग्राम बघ, ईसीयूमधून (इंजिनचा कॉम्प्युटर) टॅकोची, म्हणजे आरपीएम मीटरची, वेगळी वायर निघत असेल तर तीच घे, सगळ्यात स्वच्छ सिग्नल तोच. नसेल तर इग्निशन कॉइलची (प्लगच्या स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) निगेटिव्ह वायर घे, पण तिथे स्पार्क पडताना दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, म्हणून मीटरवाल्याने सांगितलेला रेझिस्टर सिरीजमध्ये टाकच, आणि प्लगच्या जाड वायरला तर हातच लावू नको. शील्डेड वायर (वर जाळीचं आवरण असलेली) वापर, शील्ड एकाच टोकाला अर्थ कर, अल्टरनेटर आणि प्लग वायरपासून लांबून ने. आणि हो, प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल आणि मीटर नेहमीच्या ४ सिलिंडरवर सेट असेल तर ८०० ऐवजी २०० दाखवेल, कारण त्या एका कॉइलला इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकच पल्स मिळतो आणि मीटर चार धरून चालतं, तिथे फक्त सेटिंग बदलायचं. ठाण्यातले काही फिटरभाऊ सरळ वायर सोलून पीळ मारून टेप गुंडाळतात, तसं करू देऊ नकोस, सोल्डर आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) माग, पावसाळ्यात टेप सुटतेच.