लेदर टूलिंगला 'कोरीवकाम' म्हणावं का?

आपल्या इंदूरच्याच एका ताई हौसेने लेदरक्राफ्ट शिकतायत, बेल्ट-पाकिटांवर चिरून-ठोकून फुलापानांची नक्षी करतात, तेच टूलिंग, त्यांनी विचारलंय की टूलिंगला मराठीत कोरीवकाम म्हटलं तर चालेल का आणि डाय करण्याला नुसतं रंगवणं पुरतं का.

कोरीवकाम नको असं माझं स्पष्ट मत आहे. कोरताना माल निघतो, लाकडाच्या ढलप्या पडतात, दगडाच्या कपच्या उडतात. लेदरमधून इथे काहीच निघत नाही. स्विव्हल नाइफने, म्हणजे पातं फिरतं असलेल्या चाकूने, रेघ चिरायची ती जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत, मग बेव्हलर, म्हणजे उतरत्या टोकाचा ठोकायचा ठसा, धरून वरून मोगरीने ठोकत ठोकत रेघेची एकच बाजू दाबत न्यायची, ती बाजू खाली बसते आणि शेजारची पाकळी आपोआप वर आल्यासारखी दिसते. म्हणजे हे दाबून उठवणं झालं. आपल्याकडे ठसा उठवणं आहे, धातूच्या पत्र्यावरचं उठावाचं काम आहे, तेच इथे घ्या, उठावाचं काम किंवा उठावाची नक्षी म्हणा आणि चाकूच्या टप्प्याला चिरणं. चर्म-उत्कीर्णन वगैरे घडवायच्या भानगडीत पडूच नका, कुणी बोलणार नाही ते.

याच्या आधीचं केसिंग, म्हणजे लेदर भिजवून ठोकण्याजोगं करणं, त्याला मला एक शब्द फार आवडतो, वाफसा. पावसानंतर जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते, तेव्हा शेतकरी वाफसा आला म्हणतो आणि पेरतो. लेदरचंही अगदी तसंच, ओलं गच्च असताना ठोकलं तर ठसा पसरट येतो, पार सुकलं तर उमटतच नाही. वरचा रंग मूळच्या रंगाकडे परतायला लागला पण हाताला अजून गार लागतंय, तो वाफसा.

आणि हे सगळं व्हेज-टॅन, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी टॅन केलेल्या, लेदरवरच होतं, क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी टॅन केलेल्यावर, ठसा टिकत नाही, ते परत फुगून सपाट होतं. टॅनिंगला तर आपला शब्द पक्काच आहे, कमावणं. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं कातडं म्हणजेच व्हेज-टॅन, कोल्हापुरी चपला त्याच्याच. कमावलेलं शरीर, कमावलेला आवाज म्हणतो तेच हे क्रियापद, मेहनतीने तयार केलेलं.

आता डाय. रंगवणं चूक नाही पण मोघम आहे. ऍक्रिलिक पेंट वर बसतो, डाय आत मुरतो, म्हणून पेंटला रंग देणं आणि डायला रंग मुरवणं असा फरक ठेवला तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं की नखाने खरवडून तो जाईल की नाही. काळ्या रंगात तर कधी कधी रंग नसतोच, लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवून ते पाणी व्हेज-टॅनवर लावलं की लोखंड आणि सालीतलं टॅनिन मिळून कातडंच काळं पडतं, तिथे रंगवलं म्हणण्यापेक्षा काळं पाडलं म्हणा.

कडा बर्निश करण्याला घोटणं म्हणा, पोथ्यांसाठी कागद घोटायचे तोच शब्द, कड ओली करून लाकडाने घासघासून चकाकी आणायची.

हत्यारांपैकी भोक पाडायची आरी आणि कातडं कापायची रापी हे शब्द आपल्याकडे आहेतच, रापीला इथले मोची रांपी म्हणतात, दोन्ही चालतं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली इंदूरची चामड्याची खेळणी, ते घोडे आणि हरणं, त्यांच्या कामाला मढवणं म्हणावं, सांगाड्यावर चामडं ताणून चिकटवतात ना, पखवाज मढवतात तसंच क्रियापद. बेव्हलर आणि स्विव्हल नाइफला मात्र तीच नावं राहू द्या, दुकानात मागताना तेच म्हणावं लागतं.