आधी बोट टोच

प्रिय डॉक्टरीणबाई,

अफगाणिस्तानातल्या हेरातहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. कुपोषित बालकांच्या वॉर्डात नातवापाशी बसलेली आजी रात्रभर पाणी पिते, सारखी उठून बाहेर जाते, हे तुझ्या लक्षात आलं. तू तिचं बोट टोचलंस. साखर २६८ आली. आणि त्यानंतर दोन रात्री झोपली नाहीस ती तूच! गाव लांब, बरोबर महरम, म्हणजे जवळच्या नात्यातला पुरुष असल्याशिवाय तिला पुन्हा येता यायचं नाही, औषध टिकेल की नाही ठाऊक नाही, मग तिला सांगून मी फक्त भीती दिली का, असं विचारतेस. वर मलाच विल्सन आणि युंगनरचे निकष ऐकवतेस, रोगाची चाळणी म्हणजे सरसकट तपासणी केव्हा करावी याचे.

अगं, १९६८ चे ते निकष तुम्हाला शिकवले कोणी? उपचाराची सोय नसेल तर निरोगी दिसणाऱ्या लोकांना चाळणी लावू नये, कबूल. पण तुझ्यासमोर निरोगी बाई बसली नव्हती. तहान, लघवी आणि २६८, याला चाळणी म्हणत नाहीत, पेशंट तपासणं म्हणतात. टोचलंस ते योग्यच केलंस. आता शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या आईचंही टोच. (ही मात्र चाळणीच झाली, मला कळतं. तरी टोच.)

एक विचारतो, आधी हात धुवायला लावले होतेस का? तिथे प्रत्येकाच्या खिशात किसमिस नाहीतर नुकल, म्हणजे साखरेत घोळवलेले बदाम, असतं. चिकट बोटावर मीटर वाटेल ते दाखवतो. आणि ‘ती परत येणार नाही’ म्हणून रडतेस, पण ती गेली कुठे आहे? पोरगं बरं होईपर्यंत मुक्काम तुझ्याच वॉर्डात ना? म्हणजे कितीतरी सकाळी तुझ्या हातात आहेत. उद्या पहाटे उपाशीपोटी पुन्हा बघ. १२६ किंवा त्याच्या वर आली तर शंका उरत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीच्या, एचबीए१सीच्या, मागे लागू नकोस. त्या बायकांमध्ये रक्त कमी असणं नेहमीचं, आणि लोह कमी असलं की तो आकडा खोटा वर जातो. स्ट्रिप्सच्या डबीचं झाकण घट्ट लाव. हेरातचा तो एकशेवीस दिवसांचा वारा सुरू झाला की दातांतसुद्धा माती येते.

आता काकांची गोष्ट. मी ती वर्गात कधी सांगितली नाही.

२००९ साली काबूलमध्ये आमच्या दवाखान्याच्या फाटकावर एक चौकीदार होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, दारीतही काका म्हणजे काकाच. रोज सकाळी मी त्यांच्याशी हात मिळवून आत जायचो. वर्षभरात ते निम्मे झाले. मी काय म्हणालो असेन? ‘लढाई माणसाला खाते.’ स्वतःच्या वाक्यावर खूशही झालो असेन. हिवाळ्यात घरी संदलीपाशी, म्हणजे रजईने झाकलेल्या शेगडीच्या मेजाखाली, पाय घालून झोपले आणि पाय भाजला. त्यांना कळलाच नाही, कारण पायातली जाणीव केव्हाच गेली होती. वासावरून बायकोला कळलं. गुडघ्याखाली पाय गेला.

पुढे रेडक्रॉसच्या केंद्रात त्यांना कृत्रिम पाय मिळाला. काबूलमध्ये एका पायाचा माणूस दिसला की लोक सुरुंगच समजतात. बाजारात कोणी ‘कुठे उडाला?’ विचारलं तर काका नुसती मान हलवायचे. सुरुंगाने गेलेल्या पायाला तिथे मान आहे, साखरेने गेलेल्या पायाला काय सांगणार? मीटर माझ्या टेबलाच्या खणात होता. फाटकापासून तीस पावलं.

तेव्हा आमच्या कामाच्या यादीत मधुमेह नव्हताच, हेही लिहून ठेवतो. २००३ साली त्या देशाने मूलभूत आरोग्यसेवांचं जे पॅकेज ठरवलं त्यात बाळंतपण, लसी, क्षयरोग, मलेरिया होते, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. स्ट्रिप्सची माझी मागणी वरिष्ठांनी दोनदा परत पाठवली. मी भांडलो, कागद आहेत माझ्याकडे. पण काकांच्या बोटासाठी मागणीपत्र लागत नव्हतं. एक स्ट्रिप लागत होती. म्हणून म्हणतो, जो तक्रार घेऊन आलेला नाही त्याचं बोट आधी टोच.

आजी आणि नातू एकाच खाटेवर, एकाला उपासमार आणि दुसरीला साखर, ‘हे कोडं मला सुटत नाही’ असं तू लिहिलंस. पुण्यात शिकलीस आणि हे लिहितेस? केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपल्या आजूबाजूच्या खेड्यांतलीच बाळं मोजली. वजनाला हलकी, पण अंगात चरबी. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांची साखर पन्नाशीत बिघडलेली सापडली. पोटातली भूक शरीर विसरत नाही. तुझ्यासमोरचा तो नातू चाळीस वर्षांनी कुठल्या खाटेवर बसलेला असेल, याचा हिशेब आज कोणी करत नाहीये. जगात मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी ४३ टक्क्यांना तो असल्याची कल्पना नाही, असं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२५ चा अहवाल सांगतो. त्यात निवांत, शांत देशही आले. हेरातचं तूच ठरव.

राहिला उपचार. मेटफॉर्मिन ही जगातल्या स्वस्त गोळ्यांपैकी एक आहे. किडनी बघ आणि जाताना जमतील तितक्या महिन्यांच्या बांधून दे. सोबतच्या मुलाला, जावयाला चिठ्ठीवर आकडा लिहून दे. पाय रोज बघायला सांग, संदलीपासून लांब ठेवायला सांग. एवढं करायला कुठलीही यंत्रणा लागत नाही. इन्सुलिन लागलंच तर फ्रीज नाही म्हणून हात टेकू नकोस. केनियातल्या दादाबच्या छावणीत ते मातीच्या भांड्यात ठेवून वापरलेलं आहे. आपला माठच तो.

ज्यांचे उपाशीपोटी ११०-१२० येतील त्या पूर्वमधुमेहवाल्या, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, बायकांशी मात्र जपून बोल. ‘रोज चालायला जा’ म्हणू नकोस, बागेत जायलाही त्यांना बंदी आहे. ‘नान कमी करा’ही म्हणू नकोस, पानात दुसरं काही नसतं. चहाच्या पहिल्या पेल्यात तळाशी साखरेचा थर घालतात आणि मग त्यावरच चहा ओतत राहतात. तो थर निम्मा करायला सांग. पुढच्या बाळंतपणात साखर तपासून घ्यायला सांग.

एवढ्याने काय होणार, हे तुझं पुढचं वाक्य मला ऐकू येतंय. माहीत नाही. त्या देशातून मी परत आलो, तू तिथे आहेस, त्यामुळे तुला उपदेश करायचा माझा अधिकार तसाही पातळच आहे. तरी एक विचारतो. चार पानांच्या पत्रात आजी आहे, नातू आहे, विल्सन आहे, युंगनर आहे. तुझ्या वॉर्डाचा चौकीदार, स्वयंपाकी, तुझा दुभाषा यांच्याबद्दल एक ओळ नाही. त्यांचे आकडे पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
सर