पश्चिमेची भिंत: विटा, एएसी ब्लॉक की डबल भिंत?

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच घर आठवलं. तुमचं अकोल्यात काळ्या मातीवरचं बैठं घर, पश्चिमेला एक खोली वाढवायची, आणि ऊन आत तापू नये म्हणून तिची भिंत कशाची करावी हा प्रश्न. मिस्त्री नऊ इंची विटांची भिंत म्हणतो, इंजिनिअर एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) म्हणतो आणि मेव्हणे थर्माकोल भरून डबल भिंत सुचवतात. आम्ही अमरावतीत हेच सगळं केलं. मी इंजिनिअर नाही, त्यामुळे पाया आणि कॉलम यावर माझं ऐकू नका.

माझं मत विचाराल तर आठ इंची एएसी ब्लॉक. नऊ इंची विटेपेक्षा निम्म्याहून कमी उष्णता आत येते, आणि वजन हलकं असल्याने आपल्या मातीत तेही बरंच. फक्त स्लॅबचा भार कॉलमवर हवा, ब्लॉकवर नको. मिस्त्रीला एवढं बजावा की विटेसारखे ब्लॉक टाकीत भिजवायचे नाहीत, नुसता पाण्याचा हबका मारायचा. भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि मग प्लास्टरला तडे जातात. जोडाला ब्लॉकचं तयार मॉर्टर, जेमतेम ३ मिमी. हे ऐकून मिस्त्री हसेल, हसू द्या.

आम्ही मात्र डबल भिंतीच्या मागे लागलो: साडेचार इंच वीट, दोन इंच पोकळी, पुन्हा साडेचार. एकूण अकरा इंच. इथेच घोडं अडलं. नाव घेत नाही, पण परवानगीच्या ऑफिसात आधी तोंडी सांगितलं, "काम सुरू करा, कागद निघेल." त्या भरवशावर कंत्राटदाराने जुन्या भिंतीचा कोपरा फोडला. मग फाईल परत! साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि म्हणाले, "जुनी भिंत नऊची, ही अकराची कशी? दोन इंच मार्जिनमध्ये गेली." (मार्जिन म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा.) बरं, मार्जिन प्लास्टर धरून मोजायचं की सोडून, हे एका टेबलावर एक, दुसऱ्यावर भलतंच. लेखी द्या म्हटलं की सगळे जेवायला जाणार. तोवर जून लागला. उघड्या कोपऱ्यावर ताडपत्री होती, पण वाऱ्याने एक बाजू सुटली आणि पाणी विटांतून उतरत आतल्या खोलीच्या स्विचबोर्डापर्यंत आलं. शेवटी खोलीच आतून दोन इंच कमी करून नकाशा बदलला. पोकळीतून वाचणार होता त्यापेक्षा जास्त पैसा ते प्लास्टर आणि वायरिंग नव्याने करण्यात गेला.

म्हणून भिंतीची जाडी प्लास्टरसकट आधी ठरवा, तीच नकाशावर दाखवा, आणि मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय जुन्या भिंतीला छिन्नी लावू देऊ नका. तोंडी परवानगीला काडीची किंमत नाही. (सगळीकडे असंच असेल असं नाही. तुमच्याकडे माणसं बरी असतील.)

थर्माकोल पोकळीत नकोच, मुंग्या घर करतात.

आणि एक, सगळे भिंतीवरच भांडतात, पण बैठ्या घरात खरा ताप छताचा. आपल्याकडे मे अखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, स्लॅब दिवसभर भाजून रात्री आत उष्णता सोडतो. डबल भिंतीचे पैसे स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), त्यावर कोबा आणि पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइलचे तुकडे) यावर घाला. पश्चिमेच्या खिडकीला नुसता छज्जा पुरत नाही, चारनंतरचं ऊन त्याखालून आडवं आत येतं. बाहेरून बांबूची चटई किंवा वेल हवा.

नवी भिंत जुन्या भिंतीत दाते काढून गुंफू नका. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि दोन्ही पाये एकसारखे हलत नाहीत. इंजिनिअरला विचारून मध्ये फट ठेवा आणि ती सीलंटने भरा.

कूलर त्याच खिडकीत बसणार असेल तर खालचा ब्लॉक सतत ओला राहील. तिथे बाहेरून टाइल लावून घ्या आणि स्टँड भिंतीला न ठोकता जमिनीवर उभा करा.