तोच विषय पुन्हा का?

प्रश्न : एकच विषय प्राथमिक शाळेपासून महाविद्यालयापर्यंत पुन्हापुन्हा येतो; ही निव्वळ पुनरुक्ती नव्हे का? – एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या सर्पिल अभ्यासक्रमाच्या कल्पनेनुसार विषय पुन्हा यावा, मात्र प्रत्येक वेळी अधिक खोलीने यावा. पंचगंगेचा पूरच घ्या : चौथीतल्या मुलाने वर्तमानपत्रात आलेली राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज वहीत उतरवावी, आठवीतल्या मुलीने राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर भोगावती या उपनदीतून पंचगंगेत येणारे पाणी त्या नोंदींशी ताडून पाहावे आणि महाविद्यालयात पूररेषेतील बांधकामांवर साधकबाधक चर्चा व्हावी. व्याख्या आणि स्वाध्याय मात्र तेच राहिले, तर आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. नवे पाठ्यपुस्तक शिकवण्यापूर्वी मागच्या इयत्तेचे शेजारी ठेवून दोन्हींतले स्वाध्याय अवश्य ताडून पाहावेत.