हजारा उठाव १८९२: फाईल कुठल्या हजाराची, ते आधी बघा

'हजारा १८८८' आणि 'हजारा १८९१' अशा फायलींच्या प्रती मागवल्या, पण आत अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान, ज्याच्याविरुद्ध हा उठाव झाला, त्याचं नावसुद्धा नाही, असं तुम्ही लिहिलंय. नसणारच. ब्रिटिश काळात हजारा नावाचा जिल्हा अबोटाबादकडे (आता पाकिस्तानात) होता. तिथून ब्रिटिशांनी याच दोन साली ब्लॅक माउंटन या डोंगराळ भागातल्या टोळ्यांवर फौजा धाडल्या. त्याचा मध्य अफगाणिस्तानातल्या शिया हजारा लोकांशी काडीचा संबंध नाही. एका अभिलेख कार्यालयाने (नाव नको) मलाही हाच गठ्ठा पूर्ण पैसे घेऊन टेकवला, वर "शीर्षकात हजारा आहे ना?" हे उत्तर. परतावा विसरा.

म्हणून अर्जात गावं आणि टोळ्या लिहा. उरुझगान, दाई झंगी, दाई कुंदी, बेहसूद, जाघोरी, बामियान दिसलं की फाईल तुमची. अग्रोर, ओघी, हसनझाई ही ब्लॅक माउंटनकडची नावं दिसली की परत करा. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या फॉरेन डिपार्टमेंटच्या 'सिक्रेट एफ' (सरहद्दीच्या गुप्त कागदांच्या) मालिकेतली काबूल आणि कंदाहारची बातमीपत्रं आधी काढा. पण ती जपून वाचा, त्यांत बाजारगप्पा भरपूर. शिवाय इंग्रज काही तटस्थ नव्हते. हिंदुस्थानच्या तिजोरीतून अमिराला १८८३ पासून सालीना १२ लाख रुपये जात होते, १८९३ मध्ये ते १८ लाख झाले.

दुसरी गफलत सनाची, आणि ती जास्त महागात पडते. हिजरी १३०९ म्हणजे ऑगस्ट १८९१ ते जुलै १८९२. सरसकट '१८९१' लिहिलंत तर कारण आणि परिणाम उलटे होतात. क्रम असा आहे: १८९१ मध्ये सरदार अब्दुल कुद्दूस खान उरुझगानात शिरला, बहुतेक मीर (हजारा टोळीप्रमुख) शरण आले. मग हत्यारं काढून घेणं, कर, धरपकड, सैनिकांची मनमानी सुरू झाली. भडका उडाला तो १८९२ च्या वसंतात. ठिणगी म्हणून एका हजारा घरातल्या स्त्रीवर सैनिकांनी केलेला अत्याचार सांगितला जातो. अमिरानेच ज्याला सरदार केलं होतं, तो दाई झंगीचा मुहम्मद अझीम बेगही उठावात उतरला. तेव्हा अमिराने सुन्नी उलेमांकडून (धर्मपंडितांकडून) शिया हजारांविरुद्ध जिहाद पुकारून घेतला आणि टोळ्यांची भरती केली. थोडक्यात, १३०९ च्या जमादिलाखर या सहाव्या महिन्यापासून पुढचं सगळं १८९२ मध्ये टाका. पेशवे दफ्तर चाळणाऱ्याला हे महिने नवे नाहीत, पण सुहूर सनाची (मराठी दफ्तरातल्या, सूर्यावर चालणाऱ्या वर्षाची) सवय इथे लावू नका, हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. १८९३ मध्ये पुन्हा उठाव झाला, त्याचा वेगळा भाग करा.

माझं मत, पटलं तर घ्या: 'साठ टक्के हजारा मारले गेले' हा इंटरनेटवरचा आकडा लेखात घालू नका. तेव्हा अफगाणिस्तानात जनगणनाच नव्हती, टक्के काढणार कशाचे? कत्तल झाली, माणसं गुलाम म्हणून विकली गेली, चराऊ कुरणं पश्तून भटक्यांना दिली गेली, हजारो लोक क्वेट्टा आणि मशहदकडे पळाले. एवढं भक्कम आहे आणि पुरेसं आहे. दरबारी इतिहासकार फैज मुहम्मद स्वतः हजारा होता, पण लिहीत होता अमिराच्या मुलाच्या पगारावर. त्यामुळे तो काय लिहितो याइतकंच काय गाळतो तेही बघा. फारसी येत नसेल तर भाषांतरावर चालेल, मात्र तारखा मूळ हिजरीत उतरवून ठेवा.

आणि हो, क्वेट्ट्याच्या फायली फेकू नका. १९०४ मध्ये तिथे उभी राहिलेली १०६ वी हजारा पायोनियर्स ही पलटण याच लोकांची. १९३३ मध्ये ती मोडली.